दुसऱ्याच्या गाडीत

वहिनी, सकाळपासून हे लिहायला बसते आणि उठते. बसले की आठवतं, मशीनमधले कपडे काढायचेत. कपडे वाळत घालून येते तर बाल्कनीतला कढीपत्ता कोरडा पडलेला दिसतो. त्याला पाणी घालून येते तर ओट्यावर माझाच गार झालेला चहा. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अश्विनी, बूड टेक जरा एका जागी." टेकलंय. बघू किती वेळ टिकतं.

एर्लांगेनच्या मराठी मंडळाला गणपतीच्या अंकासाठी तुमच्यावर लेख हवाय. कसा हवा तेही त्यांनी कळवलंय. जन्म, शिक्षण, जर्मनीत कधी आलात, आणि शेवटी 'मनमिळाऊ स्वभावाने सर्वांना आपलेसे केले'. मनमिळाऊ, आणि तुम्ही. लग्नानंतर मी पहिल्यांदा तुमच्या घरी पोहे केले, तेव्हा एक घास खाऊन तुम्ही विचारलं होतंत, "तुमच्याकडे असेच करतात, की आज काही बिघडलं?" मी आत जाऊन रडले आणि मग त्याच रागात उरलेले सगळे पोहे एकटीने संपवले. तो मनमिळाऊ लेख कुणीतरी लिहील. मला तुमच्याशी भांडायचंय. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि तुम्ही मध्येच उठून गेलात, हे मला अजिबात पटलेलं नाही.

भांडण तुमच्या सईवरून. तुम्हाला माहीतच आहे कुठलं.

त्याची सुरुवात ब्लॅक फॉरेस्टच्या ट्रिपला झाली. दोघे सख्खे भाऊ परदेशात एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर राहतात, एक एर्लांगेनला, एक इंगोलश्टाटला, तर सुट्टीत फिरायला एकत्रच जायचं, हा तुमचा फतवा. मला विचारलंच नव्हतं कुणी. तुमची गाडी पुढे, आमची मागे. तुमच्या गाडीत ओंकार आणि सई, आमच्या गाडीत एकटा निनाद. आणि तो एकटा म्हणजे वरातीचा बँड. घरातून निघाल्यापासून एकच ओळ, तीही चुकीची, टिपेच्या सुरात. त्याच्या बाबाने, महेशने, आवाज चढवला की हा आणखी वरची पट्टी लावायचा. तिकडे तुमच्या गाडीत तिची सीडी लावली नाही म्हणून सईने पायातलं सँडल काढून ऑटोबानवर फेकून दिलं होतं. चालत्या गाडीतून. पुढची सगळी ट्रिप ती पोरगी निनादचे बूट घालून फिरली.

पहिल्या थांब्याला तुम्ही गाडीतून उतरलात त्या कपाळाला हात लावूनच. दोन्ही गाड्यांची दारं उघडलीत, निनादला दंडाला धरून तुमच्या गाडीत बसवलंत, आणि तुमची दोन्ही आमच्या गाडीत. "ही धर माझी. तुझं मला दे. पुढच्या थांब्याला बघू." आणि काय सांगू. तासभर शांतता. तुमच्या गाडीत निनाद देवघरातल्या गणपतीसारखा मांडी घालून बसला होता म्हणे. इकडे सई मला विचारते, "काकू, खिडकी थोडी उघडली तर चालेल का?" मी मागे वळून बघितलं, सँडल फेकणारी तीच ना, म्हणून.

तेव्हापासून तो नियमच झाला. गाडी थांबली की मुलांची अदलाबदल. ज्यांची डोकी जास्त तापली असतील त्यांनी आधी बोलायचं. लोक ऑटोबानवरच्या रास्टश्टेटला थांबतात ते कॉफी प्यायला, आपण थांबायचो पोरं बदलायला. जर्मन लोक बघत राहायचे, ही कुणाची मुलं आणि कुणाच्या गाडीत कोंबताहेत. तुम्हाला त्याची फिकीर नव्हती. तुम्हाला कशाचीच फिकीर नसायची, यानेच तर माझा जीव जायचा.

आणि मग गार्डा तळ्याची ट्रिप. ज्या उन्हाळ्यात फुटबॉलच्या वर्ल्ड कपमुळे इथल्या प्रत्येक गाडीवर झेंडे फडफडत होते, त्या वर्षीची. दादांनी रस्ता सांगणारा नवीन नेव्ही घेतला होता, आणि तुमच्या मांडीवरचा नकाशा पहिल्यांदाच निकामी झाला होता. नेव्हीतली बाई म्हणते उजवीकडे, तुम्ही म्हणताय डावीकडे. दादा बाईचं ऐकून उजवीकडे वळले. झालं. म्युनिकच्या पुढच्या थांब्याला तुम्ही जाहीर केलंत, "अहो, तुम्ही आणि तुमची ती बाई जा सुखाने. मी महेशच्या गाडीत बसते." एवढं बोलून तुम्ही टॉयलेटला गेलात. तिकडे नेहमीसारखी मुलांची अदलाबदल झाली आणि आम्ही निघालो. दादांना वाटलं, ही चिडलीय, बसली असेल तिकडे. आम्हाला वाटलं, पटली असेल समजूत, बसली असेल दादांकडेच, नवराबायकोच्या भांडणात आपण कशाला नाक खुपसा.

बऱ्याच वेळाने सईने अगदी अदबीने विचारलं, "काकू, चकल्या आईकडे आहेत का?" मी दादांना फोन लावला. "दादा, जरा वहिनींना द्या." दादा म्हणाले, "ती तुमच्याकडे आहे ना?" त्यांच्या गाडीतून फक्त नेव्हीवाल्या बाईचा आवाज येत होता, सरळ जात राहा म्हणून.

ऑटोबानवर मागे वळता येत नाही. पुढच्या फाट्याला बाहेर पडलो, उलट्या बाजूने परत आलो, आणि त्या बाजूने येताना पलीकडे तुम्ही दिसलात. झाडाखाली बाकावर. मी खिडकीतून हात हलवत होते, महेश हॉर्न वाजवत होता, ज्याला इथे शिवी समजतात, आणि तुम्ही मजेत पाठमोऱ्या. मग पुन्हा पुढचा फाटा, पुन्हा वळसा. पर्स गाडीत, फोन पर्समध्ये, तुम्हाला जर्मन येतं ते भाजी घेण्यापुरतं. पोचलो तर तुम्ही एका कॅराव्हॅनवाल्या आजीआजोबांबरोबर बसून त्यांची कॉफी पीत होतात आणि त्यांच्या डब्यातला प्लमचा केक खात होतात. आजोबांनी आम्हाला विचारलं, "ही तुमचीच का?" दोघे भाऊ एकदम म्हणाले, "या, या," म्हणजे हो, हो. तुम्ही केकचा तुकडा संपवलात, हात झटकलेत आणि एकच प्रश्न विचारलात. "आधी कुणाच्या लक्षात आलं?"

दोघेही भाऊ बुटांकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सईच्या. चकल्या हव्या होत्या तिला." तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. म्हणालात, "चला, चकलीसाठी का होईना."

त्या दिवशी मग तुम्ही खरंच आमच्या गाडीत बसलात, मागे, माझ्या शेजारी. सई खिडकीला टेकून झोपली होती. मी आपलं सहज म्हटलं, "माझ्याशी किती छान वागते हो ही. तुमच्याशीच का अशी करते?" खरं सांगते, त्यात थोडा तोरा होता. पोह्यांचं उट्टं काढायचं होतं. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "चांगली वागते म्हणून फुशारून जाऊ नकोस. पाहुण्यासारखी बसते ती तुझ्या गाडीत. पोर जिथे हातपाय आपटतं ना अश्विनी, तिथे त्याला खात्री असते."

"कसली खात्री?"

"की इथून आपल्याला कुणी उतरवणार नाही."

"म्हणजे माझ्याकडे तिला ती खात्री नाही?"

तुम्ही चकलीचा डबा उघडून माझ्यापुढे धरलात. हे तुमचं नेहमीचं. भांडण रंगात आलं की डबा. त्यानंतर दर ट्रिपला मी तो विषय काढला आणि दर ट्रिपला तुम्ही तोंडात काहीतरी कोंबलंत. मला राग यायचा. मी त्या मुलीच्या वेण्या घातल्यात, घाटात तिचे कान दुखायचे तेव्हा तिला मांडीवर घेतलंय. आणि मी कोण, तर दुसऱ्याची गाडी.

इस्पितळात मी तुमच्याजवळ बसायचे, तेव्हा तुम्ही सूचनाच सूचना दिल्यात. सईला गाडीत निघायच्या आधी दूध देऊ नकोस. आवळा सुपारी पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेव, शोधाशोध करेपर्यंत उशीर होतो. ओंकार मोजे लपवतो, पलंगाखाली बघ. केसांना तेल शनिवारी. मी मान हलवत राहिले आणि वाट बघत राहिले. सईबद्दलचा एक प्रश्न तुम्ही विचाराल असं मला वाटत होतं. माझं उत्तर तयार होतं, कधीचं तयार होतं. तुम्ही नाही विचारलंत. मला अजून कळत नाही, विचारायची गरज वाटली नाही की विचारायची भीती वाटली. या एका गोष्टीवरून मी रोज तुमच्याशी वाद घालते. भाजी चिरताना, दुकानाच्या रांगेत उभी असताना, सगळीकडे. आणि माझं मन एका जागी ठरत नाही.

तुम्ही गेल्यावर जूनमधल्या फिंग्स्टनच्या सुट्टीत दादांनी सईला आमच्याकडे आणून सोडलं. दादांना कामासाठी सारखं बाहेरगावी जावं लागतं. ओंकार मोठा आहे, त्याची शाळा, त्याचे मित्र, तो राहील एर्लांगेनला. प्रश्न सईचा. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत ठरवायचं, ती आमच्याकडे येणार की पुण्याला आजीकडे जाणार. सासूबाईंचा रोज फोन. "शहाणी आहे माझी नात. कुठेही राहील. पाठवून द्या." दादांनी तिला विचारलं, तर म्हणाली, "मिअर एगाल, बाबा." मला काहीही चालेल. आणि दादांना हायसं वाटलं, वहिनी. "बघ, किती समजूतदार आहे," म्हणाले मला. माझं डोकं फिरलं होतं, पण ज्या माणसाची बायको नुकतीच गेलीय त्याला काय बोलणार.

समजूतदार म्हणजे किती ते ऐका. सकाळी उठून पांघरुणाची घडी. स्वतःची ताटली स्वतः विसळते. "काकू, मी काही मदत करू?" टीव्हीवर काय लावू, एगाल. पिझ्झा की पास्ता, एगाल. गाडीत खिडकी कुणाला, निनादला. भांडण नाही, हट्ट नाही, रडणं तर नाहीच. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊने मला जिन्यात थांबवून तिचं कौतुक केलं, असं गुणी मूल तिने पाहिलं नव्हतं म्हणे. मी वर आले आणि बाथरूमचा नळ सोडून रडले.

कारण मला तुमचं बोलणं ऐकू येत होतं. पाहुण्यासारखी बसते ती. आठ वर्षांची मुलगी माझ्या घरात पाहुण्यासारखी वावरत होती, प्रत्येक पाऊल जपून, कुणी उतरवू नये म्हणून. ही पुण्याला गेली तर तिथेही अशीच घड्या घालत बसेल, आणि सगळे म्हणतील, छान रुळली. मला ती हवी होती, वहिनी. पण तिला मी हवी आहे की नाही, हे एगाल म्हणणाऱ्या मुलीकडून कसं कळणार? 'राहतेस का माझ्याकडे' असं विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती. तिने कशालाही हो म्हटलं असतं.

मग मी तिला मुद्दाम डिवचायला लागले. हसा. सीडी बंद केली, गप्प. तिच्या वाटणीचं आइस्क्रीम निनादला दिलं, गप्प. दुधीची भाजी केली, जिच्या वासाने ती तुमच्या घरात पळून बाल्कनीत जायची. तिने सगळी खाल्ली आणि म्हणाली, "छान झालीय." निनाद माझ्याकडे बघतच राहिला. तो म्हणाला, "आई, तिला काय झालंय? ती नॉर्मल का नाही वागत?" त्याला जवळ घेऊन मी म्हटलं, मला माहीत नाही. हात टेकले होते मी.

सुट्टीच्या शेवटी बोडेनसेच्या तळ्याला गेलो. दोन्ही गाड्या. जायला नकोच वाटत होतं, पण ओंकार म्हणाला, आईने बुकिंग केलंय. तर गेलो. बोटीत बसलो, बदकांना पाव घातला, फोटो काढले, त्या फोटोंत सगळे एकमेकांपासून जरा लांब उभे आहेत. दादा काहीतरी विसरल्यासारखे सारखे मागे वळून बघत होते. परतीच्या वाटेवर एका थांब्याला पोरांनी फ्राइज खाल्ले आणि निघताना दादांनी सवयीने त्यांच्या गाडीचं मागचं दार उघडलं. "चला, अदलाबदल. सई, तू ये इकडे."

सई आमच्या गाडीपाशी उभी होती. आत निनाद माझ्या सीटच्या मागे, खिडकीशी बसून त्याचा गेम खेळत होता. सई म्हणाली, "नाही."

दादांना ऐकू आलं नसावं. ते पुन्हा म्हणाले, "ये बेटा." आणि ती ओरडली. दादांवर नाही, निनादवर. "राउस! नीघ इथून. ती माझी जागा आहे."

निनाद म्हणाला, "तूच म्हणालीस एगाल." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. तिने त्याचे केस धरले. त्याचा गेम हिसकावून बाहेर खडीवर भिरकावला. निनाद भोकाड पसरून बाहेर आला, ती आत घुसली, पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि जे सुरू झालं, ते सगळ्या पार्किंगने ऐकलं. "मी नाही उतरणार. मी नाही जाणार. पुण्याला नाही, कुठेच नाही. मला कुणी खरं विचारतच नाही. तुम्ही सगळे डूफ आहात, मठ्ठ. आणि काकूची दुधीची भाजी घाण होती."

मीही सुटले. इतके दिवस जपून, हळू आवाजात बोलत होते तिच्याशी, ती काचेचं भांडं असल्यासारखी. सगळं विसरले. "सई, बास झालं. केस धरतात का असे? गेम तुटला असता तर? आत्ताच्या आत्ता सॉरी म्हण, नाहीतर एक देईन ठेवून." निनादवर ओरडते तसाच आवाज, तेच शब्द. पलीकडच्या गाडीतल्या बाईने काच वर केली. सई म्हणाली, "नाही म्हणणार," आणि तुमचं नाव घेऊन रडायला लागली. आई, आई, आई, असं. मी दार उघडून तिच्या शेजारी बसले, तर मला ढकललं, मग माझ्याच कुर्त्यात तोंड खुपसलं, आणि रडता रडता सगळे फ्राइज माझ्या अंगावर आणि सीटवर ओकली. आवळा सुपारी पर्सच्या बाहेरच्या कप्प्यातच होती. काही उपयोग झाला नाही.

महेश, जो या कंपनीच्या गाडीत कुणाला बिस्कीटसुद्धा फोडू देत नाही, तो धावत जाऊन डिकीतून किचन रोल घेऊन आला. दादा गाडीच्या बाहेर उभे होते. मला वाटलं रागावतील, असं वागतात का काकूशी, म्हणून. ते खाली वाकून सीट पुसायला लागले. पुसता पुसता म्हणाले, "माझ्याशी फार शहाण्यासारखी वागते गं, अश्विनी. मी घरी आलो की माझ्यासाठी चहा ठेवायची." तुमचं ते सगळं तत्त्वज्ञान त्यांनीही इतकी वर्षं ऐकलंय ना. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दिराच्या पाठीवर कधी ठेवला नव्हता. म्हटलं, "दर शनिवारी येत जा. तुमच्यावरही चिडेल हळूहळू." ते नाक पुसून उभे राहिले आणि म्हणाले, "आईला फोन मी करतो. पुण्याचं राहू दे."

तर वहिनी, ते भांडण तुम्ही जिंकलात. या वेळी डबाही पुढे न करता. मला वाटायचं मी हरले तर फार वाईट वाटेल. तुम्ही जिवंत असताना कधी म्हटलं नाही ते आता म्हणते. आभारी आहे मी तुमची. या मुलीबद्दल, आणि मला न विचारता प्रत्येक ट्रिपला ओढून नेलंत त्याबद्दल. नाहीतर मी तिला चांगली वागतेय म्हणून पुण्याला जाऊ दिलं असतं.

निनाद तिकडे दादांच्या गाडीत गेला, ओंकारशी गट्टी करून. सई आमच्या गाडीत, खिडकीशी, माझ्या मागे. सॉरी ती शेवटपर्यंत म्हणालीच नाही. म्युनिक गेलं आणि तिने माझ्या सीटला मागून लाथा मारायला सुरुवात केली. आधी एक, मग दोन्ही पायांनी, जीव खाऊन, थांबायचं नावच नाही. महेशने आरशात बघितलं आणि हळूच मला विचारलं, "थांबवू का तिला?"

मी म्हटलं, "खबरदार थांबवलंस तर."